बॉम्बे मरीन, म्हणजे मुंबई बंदरातले कंपनीचे आरमार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खांदेरी, सुवर्णदुर्ग किंवा विजयदुर्ग पाहायला गेलेल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. किल्ल्यावर तोफा डागणारी ती इंग्रजांची जहाजे नेमकी कोणाची होती? बहुतेक वेळा उत्तर असते, 'बॉम्बे मरीनची'. या आरमाराबद्दल मराठीत तुटक तुटक वाचायला मिळते आणि तेही आंग्र्यांच्या चरित्रात ओझरते. त्याला स्वतःचा दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्याच किनाऱ्यावर घडला आणि त्यात आपलीच माणसे दोन्ही बाजूंना होती. म्हणून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

बॉम्बे मरीन म्हणजे ब्रिटिश नौदलच ना?

नाही. इंग्लंडच्या राजाचे नौदल वेगळे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे आरमार वेगळे. राजाची लढाऊ जहाजे युरोपातून येत आणि कामगिरी संपली की परत जात. बॉम्बे मरीनचा मुक्काम मात्र कायम इथे. तिचे अधिकारी कंपनीचे नोकर होते, पगार कंपनीच्या तिजोरीतून होई आणि हुकूम मुंबईचा गव्हर्नर व त्याचे कौन्सिल देई.

आणखी एक गल्लत होते. इंग्लंड ते हिंदुस्थान अशी ये-जा करणारी कंपनीची मोठमोठी मालवाहू जहाजे, ज्यांना 'ईस्ट इंडियामन' म्हणत, तीही मरीनची नव्हेत. त्यांच्यावर तोफा असत, पण त्यांचे काम माल वाहण्याचे. मरीनची गलबते आणि गुराबा ही लढाऊ जहाजे किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत, व्यापारी तरांड्यांना सोबत करत आणि गरज पडली की लढत.

तिची सुरुवात कधीची मानायची?

दोन तारखा सांगितल्या जातात आणि दोन्हींना आधार आहे. ५ सप्टेंबर १६१२ रोजी कंपनीची जहाजे सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात आली. टॉमस बेस्ट हा त्यांचा प्रमुख. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर 'रेड ड्रॅगन' आणि 'ओसियांडर' या दोन जहाजांनी पोर्तुगीज ताफ्याशी झुंज घेतली. पोर्तुगीजांचा समुद्रावरचा धाक पहिल्यांदाच असा उघडा पडला आणि मोगल दरबाराने इंग्रजांना सुरतेत व्यापाराची परवानगी दिली. व्यापाराची सनद आणि तोफा यांची जोडी तिथे जुळली ती पुढे सुटली नाही.

दुसरी तारीख १६८६ च्या सुमाराची. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून लग्नाच्या तहात इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिले. पुढे कंपनीचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला आले तेव्हा आरमारही इकडे आले आणि त्याला 'बॉम्बे मरीन' हे नाव पडले.

व्यापाराचे संरक्षण म्हणतात ते कोणापासून?

सगळा विषय या प्रश्नाशी येऊन ठेपतो, म्हणून इथे जरा थांबू.

पश्चिम किनाऱ्यावर परवान्याशिवाय जहाज हाकणे ही गोष्ट सोळाव्या शतकापासून धोक्याची झाली होती. पोर्तुगीजांनी 'कार्ताज' नावाचा परवाना सुरू केला. तो घेतला नाही तर जहाज आणि माल जप्त. गोव्याला जाणाऱ्या छोट्या व्यापारी होड्यांचे ते काफिले करत आणि सोबत लढाऊ जहाजे देत. जंजिऱ्याचा सिद्दी आधी विजापूरकरांच्या आणि मग मोगलांच्या नावाने समुद्रावर फिरे. मराठ्यांचे आरमार उभे राहिले तसे मराठ्यांचे दस्तक आले. इंग्रजांनीही आपले पास द्यायला सुरुवात केली.

आता सुरतेहून कापूस भरून निघालेल्या एखाद्या नाखव्याचा विचार करा. दमण, वसई, मुंबई, चौल, जंजिरा, दाभोळ असे करत त्याला दक्षिणेला जायचे आहे आणि वाटेत निरनिराळ्या सत्तांच्या निशाणांखाली लढाऊ गलबते उभी आहेत. प्रत्येकाचे म्हणणे एकच: या पाण्यात आमचा हुकूम चालतो, आमचा कागद दाखव. ज्याचा कागद घेतला तो रक्षण करणार आणि ज्याचा घेतला नाही तो पकडणार.

त्यामुळे 'मरीनने व्यापाराचे रक्षण केले' हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. मरीनने कंपनीच्या पासखाली चालणाऱ्या व्यापाराचे रक्षण केले. दुसऱ्याच्या दस्तकाखाली चालणारा व्यापार तिच्या रक्षणात नव्हता आणि लढाईच्या काळात तर तो तिचे भक्ष्य होता. आंग्र्यांचेही तसेच, पोर्तुगीजांचेही तसेच. हे एकदा ध्यानात घेतले की पुढच्या दीडशे वर्षांची भांडणे उलगडू लागतात.

खांदेरीवर शिवाजी महाराजांच्या आरमाराशी झालेली लढाई कोणी जिंकली?

मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्याअखेर महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला तिथे पाठवून तटबंदी सुरू केली. मुंबईत येणारे-जाणारे प्रत्येक शीड या बेटावरून दिसते, म्हणून इंग्रज अस्वस्थ झाले. त्यांनी बेटाभोवती पहारा बसवला. सप्टेंबरात त्यांच्या एका तुकडीने उतरण्याचा प्रयत्न केला, त्यात लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला.

१८ ऑक्टोबरला दौलतखान मराठ्यांचा मोठा ताफा घेऊन बाहेर पडला. इंग्रजांचे 'डव्ह' हे गलबत मराठ्यांच्या हाती पडले. 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाने मात्र जागा सोडली नाही. त्यावर मिंचिन आणि कीग्विन हे कप्तान होते. त्या जहाजाच्या तोफांपुढे मराठ्यांची काही गलबते बुडाली आणि ताफा नागोठण्याच्या खाडीकडे वळला. इंग्रजी पुस्तकांत हा विजय म्हणून नोंदलेला आहे.

पण लढाई बेटासाठी होती, आणि बेट कोणाकडे राहिले ते पाहा. इंग्रजांची जहाजे खोल बुडीची आणि जड. मराठ्यांच्या होड्या उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, वल्ह्यांवर बेटाला धान्य आणि दारूगोळा पोहोचवत राहिल्या. इंग्रजांनी पहारा ठेवून ठेवून दम सोडला आणि १६८० च्या आरंभी तडजोड करून जहाजे मागे घेतली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. सिद्दीने शेजारची उंदेरी धरली आणि दोन बेटांवरून तोफा एकमेकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. माझ्या मते खांदेरीची लढाई मराठ्यांनीच जिंकली, आणि ती जिंकण्यात तोफेपेक्षा वल्ह्याचा वाटा मोठा होता.

मक्केला जाणाऱ्या जहाजांशी या आरमाराचा काय संबंध?

१६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारे 'गंज-ए-सवाई' हे मोगल बादशहाचे जहाज लुटले. जहाजावर यात्रेकरू होते, स्त्रिया होत्या. त्यांच्यावर झालेले अत्याचार ऐकून सुरत पेटून उठली. चाचा इंग्रज, म्हणून राग सगळ्या इंग्रजांवर. सुरतेच्या वखारीतले कंपनीचे लोक कैदेत टाकले गेले. सुटकेसाठी कंपनीला यात्रेकरूंच्या जहाजांना सोबत देण्याची जबाबदारी पत्करावी लागली. चाचेगिरी मोडणे हे काम कंपनीने आपण होऊन अंगावर घेतले असे वाटत असेल, तर हा प्रसंग आठवावा. तिला ते करायला भाग पाडले गेले होते.

कान्होजी आंग्रे चाचे होते का?

नाही. हे उत्तर अभिमानापोटी नाही, कागदांच्या आधारे आहे.

चाचा म्हणजे कोणत्याही राज्याच्या सनदेशिवाय लुटणारा. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. बाळाजी विश्वनाथांशी १७१४ मध्ये समेट झाल्यावर शाहू महाराजांनी त्यांचे सरखेलपद आणि त्यांच्याकडचे किल्ले मान्य केले. ते दस्तक देत, जकात घेत, तह करत. कंपनीने स्वतःच १७१३ मध्ये त्यांच्याशी तह केला. निव्वळ लुटारूशी कोणी कलमवार तह करत नाही.

त्या तहामागची हकीकत अशी. १७१२ च्या अखेरीस मुंबईच्या गव्हर्नरचे शस्त्रसज्ज गलबत कान्होजींच्या ताफ्याने पकडले. त्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाउन आणि त्याची पत्नी होती. चाउन लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण विधवा कैद झाली. तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. इंग्रजी लेखकांनी हा प्रसंग शंभर वेळा रंगवला आहे. त्या बाईने फार सोसले आणि ते लहान करून सांगण्याचे कारण नाही. पण युद्धकैद्यांसाठी दंड घेणे ही त्या काळची सगळ्याच सत्तांची रीत होती.

तहानंतरही खटके उडत राहिले, कारण मूळ वाद मिटलाच नव्हता. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना हात लावायचा नाही हे कान्होजींना मान्य होते. पण मुंबईत राहणाऱ्या हिंदी व्यापाऱ्याने इंग्रजी पास घेतला, इंग्रजी निशाण चढवले, तर ते जहाज इंग्रजांचे झाले का? इंग्रज म्हणत, झाले. कान्होजी म्हणत, नाही. हा माल आमच्या किनाऱ्याने जातो, याने आमचे दस्तक घेतले पाहिजे. एका बाजूला जकात बुडत होती, दुसऱ्या बाजूला पास विकत घेणारे गिऱ्हाईक तुटत होते. दोघेही आपापल्या हक्कासाठी लढत होते. त्यातल्या एकालाच चाचा म्हणणे ही पुढे जिंकलेल्याची भाषा आहे.

आरमार आणि व्यापार यांचा संबंध मराठी राज्यकर्त्यांना कळत नव्हता असेही समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराचा खर्च मुलखातून नेमून द्यावा, बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, नाहीतर सावकारांना उपद्रव होऊन व्यापारच बुडेल, असे त्यात बजावलेले आहे. हा विचार प्रत्यक्षात नेहमी पाळला गेला नाही, पण तो मांडला गेला होता.

गुराब आणि गलबत यांत फरक काय?

गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे ते चारशे टनांची. तिची नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, लांबवर आणि सखल निघालेली असे. त्या नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा बसवत आणि बाजूंना आणखी काही.

गलबत लहान, जास्तीत जास्त सत्तर टनांचे, दोन डोलकाठ्यांचे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. तोफा छोट्या आणि फिरत्या.

या दोहोंची जोडी हे कोकणच्या लढाईचे मर्म होते. वारा पडला की उंच डोलकाठ्यांचे युरोपीय जहाज जागच्या जागी अडकते. तेव्हा गलबते वल्ह्यांवर गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला आणत, कारण तिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी. गुराबा नाळेवरच्या तोफांनी त्याची शिडे आणि डोलकाठ्या तोडत. मग गलबतांतून माणसे चढत. वारा जोराचा असेल तर उलट होई. मोठे जहाज फिरून बाजूच्या तोफांची पूर्ण रांग मोकळी करी आणि हलकी गलबते फुटत. म्हणून खारे वारे कधी सुटतात, मतलई कधी, भरती किती वाजता हे ज्याला ठाऊक, तो निम्मी लढाई आधीच जिंकलेला असे. मुंबईकर इंग्रज यातून शिकले. मरीनमध्येही गुराबा आणि गलबतेच बांधली जाऊ लागली.

मग कान्होजींपुढे मरीन वारंवार का हरली?

चार्ल्स बून १७१५ मध्ये गव्हर्नर झाला. त्याने मुंबईला तट बांधला, नवी जहाजे बांधली आणि मोहिमा काढल्या. १७१७ मध्ये विजयदुर्ग फसला, १७१८ मध्ये खांदेरी फसली. १७२० मध्ये 'फ्रॅम' नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून पुन्हा विजयदुर्ग गाठला, तोही फसला. १७२१ च्या अखेरीस पोर्तुगीज आणि इंग्रज मिळून कुलाब्यावर, म्हणजे अलिबागवर, चालून गेले. या वेळी राजाच्या नौदलाचा कमोडोर मॅथ्यूजही आपली जहाजे घेऊन सोबत होता. पेशवा बाजीराव फौज घेऊन मदतीला आला, दोस्तांत फाटाफूट झाली आणि पोर्तुगीजांनी स्वतंत्र तह करून अंग काढून घेतले.

कारण एकच सांगायचे तर किल्ले. आंग्र्यांचे आरमार हरले तरी आसरा घ्यायला त्याला जागा होती. खाडीत आत शिरले की वर तटावरच्या तोफा, आणि जमिनीकडून मराठ्यांची रसद. नुसत्या जहाजांनी असा किल्ला घेता येत नाही, जमिनीवरूनही तो तोडावा लागतो. आणि किनाऱ्याचा मुलूख मराठ्यांचा होता. हे उत्तर लक्षात ठेवा, १७५५ मध्ये नेमके हेच उलटे झाले.

व्यापारी ताफ्याची सोबत प्रत्यक्षात कशी चाले?

समुद्र वर्षभर उघडा नसे. जेठ-आषाढात तरांडी ओढून खाडीत किंवा गोदीत घ्यायची, कल्हापती करायची, म्हणजे फळ्यांमधल्या फटी बुजवायच्या, शिडे शिवायची. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू किनारा जागा होई. व्यापारी होड्या ठरलेल्या बंदरात जमत आणि मरीनचे एखादे मोठे जहाज व काही गलबते त्यांना घेऊन निघत. उत्तरेला सुरतेचा रस्ता, तिथून कापूस आणि कापड येई. दक्षिणेला कारवार, तेल्लिचेरी असा मलबारचा रस्ता, तिथून मिरी आणि वेलदोडे.

काम कंटाळवाणे आणि जोखमीचे दोन्ही. ताफ्याची चाल सर्वांत मंद होडीच्या चालीइतकी. एखादा नाखवा घाईने पुढे सटके, एखादा रात्री मागे पडे आणि पकडला जाई. मोठ्या लढाया इतिहासात येतात, पण मरीनच्या माणसांचे आयुष्य मुख्यतः अशा मंद फेऱ्यांत गेले.

मरीनमध्ये आपली माणसे होती का?

होती, आणि ती नसती तर जहाजे हललीच नसती. अधिकारी इंग्रज, पण शिडे सांभाळणारे, वल्ही मारणारे, सुकाणू धरणारे बहुतेक खलाशी इथले. रत्नागिरीकडचे हिंदू आणि कोकणी मुसलमान, गुजरातेतल्या घोघ्याचे लोक. त्यांच्यावर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. हे शब्द इंग्रजांनी जसेच्या तसे उचलले आणि त्यांच्या कागदपत्रांत ते कायमचे बसले.

म्हणजे सुवर्णदुर्गाच्या वेढ्यात तटावरचा गोलंदाज आणि खालच्या जहाजावरचा खलाशी एकाच तालुक्यातले असण्याची शक्यता होती. हे मला नेहमी अस्वस्थ करते. इतिहासात कप्तानांची नावे राहिली, सारंगांची फारशी राहिली नाहीत.

आणि जहाजे बांधणारे? १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले. त्यांच्या घराण्याने पुढे दीडशेच्या आसपास वर्षे मुंबईच्या गोदीचे काम सांभाळले. १७५० मध्ये तिथे सुकी गोदी तयार झाली. मलबारी सागवानाची जहाजे ओकच्या जहाजांपेक्षा कितीतरी जास्त टिकत, म्हणून पुढे राजाच्या नौदलानेही आपली जहाजे मुंबईत बांधून घेतली.

सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग इंग्रजांनी घेतले की पेशव्यांनी?

दोघांनी मिळून घेतले आणि याचे दुःख आजही कोकणात सांगितले जाते.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. मुलांत वाटण्या झाल्या. कुलाब्याला मानाजी, सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे संभाजी आणि त्याच्यानंतर तुळाजी. इंग्रजांनी मानाजीशी संधान बांधून फूट वाढवली. तरी संभाजीने १७३५ मध्ये 'डर्बी' हे इंग्लंडहून आलेले भरगच्च जहाज पकडले आणि तुळाजीने १७४९ मध्ये मरीनचे 'रिस्टोरेशन' ओढून नेले. तुळाजी शूर होता, पण तो पेशव्यांना जुमानत नव्हता. शेजारच्या मराठी मुलखालाही त्याचा उपद्रव होता. नानासाहेब पेशव्यांना तो मोडायचा होता आणि त्यांच्याकडे त्यासाठी पुरेसे आरमार नव्हते.

मार्च १७५५ मध्ये पेशवे आणि कंपनी यांचा करार झाला. मरीनचा कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' हे ४४ तोफांचे जहाज आणि आणखी तीन जहाजे घेऊन निघाला. पेशव्यांकडून कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव जमिनीवरून आले. २ एप्रिलला मारा सुरू झाला, किल्ल्यातल्या दारूखान्याला आग लागली आणि थोड्याच अवधीत सुवर्णदुर्ग व हर्णैच्या किनाऱ्यावरचे त्याचे तीन जोडकिल्ले पडले. कान्होजींच्या काळी किल्ल्यामागचा मुलूख त्यांच्या पाठीशी होता. या वेळी त्याच मुलखातून पेशव्यांची फौज आली.

पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गाची पाळी. राजाच्या नौदलाचा ॲडमिरल वॉटसन, कंपनीचे सैन्य घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह आणि मरीनची जहाजे असा मोठाच फौजफाटा होता. तुळाजी तेव्हा पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेलेला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी एक गोळा नेमका त्या पकडलेल्या 'रिस्टोरेशन'वर पडला. ते पेटले. आरमाराची जहाजे शेजारी शेजारी बांधलेली होती, आग एकीवरून दुसरीवर गेली आणि दोन पिढ्यांनी उभे केलेले आरमार त्या संध्याकाळी खाडीत जळाले. पेशव्यांच्या फौजेला किल्ल्यात शिरू न देता क्लाइव्हने मधे सैन्य उतरवले. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती आला. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली. वाटण्या कशा करायच्या ते लढाईआधीच ठरले होते. किल्ला मात्र त्यांनी पेशव्यांना लगेच दिला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट आणि काही गावे घेतली, तेव्हा सोडला. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला.

नानासाहेबांनी आरमार बुडवले, असा आरोप होतो. तुळाजीला आवरणे हे कोणत्याही राज्यकर्त्याला भाग होते, हे मी मानतो. पण आवरायला ज्यांना बोलावले त्यांना आरमार जाळण्यातच रस होता, हे पुण्यात कोणाला दिसले नाही, ही चूक लहान नव्हती.

त्यानंतर मराठ्यांचे आरमार संपले का?

पूर्ण नाही. पेशव्यांनी विजयदुर्गाला स्वतःचे आरमार ठेवले आणि धुळप घराण्याकडे दिले. ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांच्या ताफ्याने रत्नागिरीच्या समुद्रात मरीनचे 'रेंजर' हे जहाज गाठले. दोन्हीकडे माणसे भरपूर पडली; 'रेंजर'वरचे कंपनीचे बडे लष्करी अधिकारी मेले किंवा जायबंदी झाले आणि जहाज विजयदुर्गाला नेण्यात आले. तोवर इंग्रज आणि मराठे यांच्यातला साल्बाईचा तह झालेला होता, त्यामुळे मोठी तक्रार झाली आणि जहाज परत द्यावे लागले.

मालवणचे कोल्हापूरकरांचे आरमार आणि वाडीकर सावंतांची गलबते यांच्याशीही मरीनचे झगडे चालू होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले. पुढच्या वर्षी तो परत केला. १८१२ मध्ये मालवण आणि वेंगुर्ला कायमचे त्यांच्याकडे गेले.

मरीन मोगलांच्या चाकरीत होती, हे खरे का?

कागदोपत्री, हो. १७५९ मध्ये कंपनीने सुरतेचा किल्ला घेतला आणि दिल्लीहून किल्लेदारीची व मोगल आरमाराची सनद मिळवली. सिद्दीकडे असलेले हे काम आणि त्याचा वर्षाचा तनखा कंपनीकडे आला.

पर्शियाच्या आखातातले युद्ध कशासाठी?

तिथे समोर होते रास अल खैमाचे कासिमी अरब. १७९७ मध्ये बुशहरच्या बंदरात मरीनच्या 'व्हायपर'वर हल्ला झाला आणि पुढची वीसेक वर्षे चकमकी होत राहिल्या. १८०९ आणि १८१९ अशा दोन मोठ्या मोहिमा मुंबईहून निघाल्या. दुसरीत रास अल खैमा पडले आणि जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांशी तह झाला. इंग्रजांनी त्या किनाऱ्याला 'चाच्यांचा किनारा' हे नाव दिले होते. कासिमींच्या वंशजांचे म्हणणे वेगळे आहे: तो समुद्र आणि तो व्यापार आमचा होता. आंग्र्यांचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे बोलणे परके वाटणार नाही.

मरीन शेवटी गेली कुठे?

शत्रू कमी झाले तसे नकाशांचे काम वाढले. मरीनच्या अधिकाऱ्यांनी पश्चिम किनारा, अंदमान, पर्शियाचे आखात आणि तांबडा समुद्र मोजला. तांबड्या समुद्राची १८२९ ते १८३४ मधली मोजणी फार मोलाची ठरली, कारण तोवर वाफेची जहाजे आली होती. मार्च १८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात मरीनचे नाव 'इंडियन नेव्ही' झाले. १८६३ मध्ये ती लढाऊ आरमार म्हणून मोडीत काढली गेली. पुढे नावे बदलत बदलत १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही आणि १९५० मध्ये भारतीय नौदल झाले.

या इतिहासाच्या खुणा आज कुठे पाहता येतील?

अलिबागला कान्होजींची समाधी आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही किल्ले २०२५ मध्ये मराठा लष्करी वारशाचा भाग म्हणून युनेस्कोच्या यादीत आले. खांदेरीला आता कान्होजी आंग्रे बेट असेही म्हणतात आणि मुंबईतल्या नौदलाच्या तळाचे नाव आय.एन.एस. आंग्रे आहे. वाडियांनी मुंबईत बांधलेले, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे अजून तरंगते.

लंडनमध्ये कोणी मराठी माणूस राहत असेल तर त्याने शूटर्स हिलवर जावे. विल्यम जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये तिथल्या रानात एक तिकोनी मनोरा बांधला. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग कासल'. इंग्रजी जिभेवर घासून घासून सुवर्णदुर्गाचे ते रूप झाले आहे.

आणि एक खूण पाण्याखाली आहे. मालवण-विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर खोल समुद्रात पोवळ्यांचे एक मोठे पठार आहे. सागरी नकाशांवर त्याचे नाव आहे आंग्रिया बँक.